जॉन्सन्स डिक्शनरी ऑनलाइन: जुन्या इंग्रजीतलं कौतुक समजून घ्यायचं असेल तर नक्की वापरा

मला अठराव्या शतकातली इंग्रजी पत्रं, प्रवासवर्णनं वाचायचं वेड आहे. आल्प्स ओलांडून इटलीला गेलेले, एखाद्या चर्चमध्ये तासभर मान वर करून उभे राहिलेले, असे लोक. आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं मी ते सगळं चुकीचं वाचत होते. शब्द ओळखीचे, वाक्य कळतंय, तरी हा माणूस कौतुक करतोय की नावं ठेवतोय हेच कळायचं नाही. फोनवरच्या रीडिंग अ‍ॅपमध्ये शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो ना, तिथे मी एकदा 'ऑफुल' शब्द दाबला तर आलं 'अतिशय वाईट', वाक्य होतं चर्चच्या आतल्या अंधाराबद्दल, मी म्हटलं झालं, याला नाही आवडलेलं. आणि दोन पानांनी बघते तर हाच गृहस्थ दुसऱ्या दिवशी परत तिथेच गेलेला!

मग ही साईट सापडली. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली दोन मोठ्या खंडांत डिक्शनरी काढली होती, साधारण ४२ हजार शब्दांची, ती अख्खी इथे सर्च करता येते, शिवाय त्याने स्वतः सुधारलेली १७७३ ची आवृत्तीपण आहे, आणि हे सगळं फुकट. टाईप केलेला मजकूर आहेच, पण मूळ छापील पानाचा फोटोपण उघडतो. त्या पानांवर जुना लांब एस आहे जो थेट एफसारखा दिसतो, पहिले दोन दिवस डोळे गोंधळतात मग सवय होते.

तर 'ऑफुल'. जॉन्सनचा पहिलाच अर्थ असा, की ज्याने मनात दरारा बसतो, आदर दाटून येतो ते. बस. मला इतकं बरं वाटलं ते वाचून! म्हणजे त्या अंधारात तो माणूस गप्प झाला होता, आणि तेच त्याला सांगायचं होतं.

'हॉरर'चंही तसंच, फक्त सर्च करताना जॉन्सनचं ओ-यू-आर वालं स्पेलिंग टाका. इंग्लिश निबंधकार अ‍ॅडिसनने आल्प्सबद्दल लिहिलंय की हे डोंगर मन एका सुखद हॉररने भरून टाकतात, आणि त्याच्याही आधी, १६८८ मध्ये, समीक्षक जॉन डेनिसने आल्प्स ओलांडताना असंच काहीसं लिहून ठेवलंय, आनंदाने भरलेली भीती वगैरे. आधी मला वाटायचं नुसतीच शब्दांची कसरत आहे. पण हॉररच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणे, आणि आपण काय म्हणतो? अंगावर काटा आला! तो भीतीनेपण येतो आणि एखादी तान ऐकूनपण येतो, आपल्याला कोणी विचारत नाही नक्की कुठला काटा म्हणून. 'भयंकर आवडलं' असं आपण दिवसातून चार वेळा म्हणतोच की. १७५७ मध्ये एडमंड बर्क या विचारवंताने तर यावर अख्खं पुस्तकच लिहिलं, की भव्यतेच्या मुळाशी भीती असते, फक्त ती सुरक्षित अंतरावरून अनुभवायला मिळाली पाहिजे.

'आर्टिफिशियल' तर बघाच. 'नैसर्गिक नसलेलं' हा अर्थ तेव्हापण होता पण त्याच्याच खाली 'कौशल्याने रचलेलं' असंही दिलंय, म्हणजे कोरीवकामाला कोणी आर्टिफिशियल म्हटलं तर ती शाबासकी असू शकते. 'क्युरिअस'चा एक अर्थ नीटस, मेहनतीने पूर्णत्वाला नेलेलं. आपल्याकडे 'विचित्र'चं झालं ना, संस्कृतात रंगीबेरंगी, सुंदर, आणि आता कोणाच्या घराला विचित्र म्हणून बघा!

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो 'लँडस्केप'चा. जॉन्सन दोन अर्थ देतो, एक म्हणजे समोर दिसणारा प्रदेश आणि दुसरा म्हणजे त्याचं काढलेलं चित्र. ही मंडळी दरी बघितली की लगेच क्लोद लोरँ नाहीतर साल्वातोर रोझा या चित्रकारांची नावं घेतात, मला वाटायचं उगाच शायनिंग मारतायत, पण त्यांच्यासाठी निसर्ग आणि चित्र एकाच शब्दात राहत होते, आपल्या 'देखावा'सारखे. क्लोदच्या नावाचा छोटा काळसर फुगीर आरसा मिळायचा, देखाव्याकडे पाठ करून त्यात बघायचं म्हणजे सगळं फ्रेममध्ये बसल्यासारखं दिसतं. कवी थॉमस ग्रे १७६९ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला असा उघडा आरसा हातात धरून फिरताना पाठीवर पडला, बोटांची पेरं फुटली, आणि तरी तिथे थांबून त्याने सूर्यास्त पूर्ण बघितला. हे वाचून मला तो माणूस फार जवळचा वाटायला लागला.

मर्यादा एकच पण मोठी, डिक्शनरी तिच्या काळापर्यंतचीच. कलासमीक्षक जॉन रस्किनला इथे आणू नका. तो शंभर वर्षांनी, १८५३ मध्ये गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या शैलीच्या, इमारतींचे सहा गुण सांगतो आणि त्यात पहिलाच गुण रानटीपणा! त्याला म्हणायचं होतं की कारागिराचा हात ओबडधोबड असला तरी मोकळा होता, ते त्या दगडात दिसतं. हे कळायला रस्किनच सावकाश वाचावा लागतो, नाहीतर मग ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, ती जास्त सखोल आहे पण पूर्ण वापरायला सबस्क्रिप्शन लागतं.

आणि एक, अर्थ वाचून लगेच टॅब बंद करू नका, खाली मिल्टन, ड्रायडन अशा कवी-लेखकांचे उतारे असतात ते पण वाचा, कारण शब्द वाक्यात बसलेला दिसला की जास्त पटकन उमगतो.

काल सहज 'अ‍ॅडमायर' उघडून बघितलं, पहिला अर्थ 'आश्चर्याने बघणे'. मी इतकी वर्षं तो शब्द जिथे जिथे आला तिथे 'आवडणे' असंच धरून पुढे गेले होते. आता ती पत्रं पहिल्यापासून परत काढलीयेत.