सहीचा बेसबॉल घ्यावा की सामन्यातला?

इथे अमेरिकेत बेसबॉलचा सीझन सुरू झाला की ओळखीतलं कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतंच. मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, खेळायला लागलेला असतो, वडिलांना क्रिकेटनंतर पहिल्यांदाच दुसऱ्या खेळाचा नाद लागलेला असतो, आणि घरात मेजर लीगचा, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या लीगचा, एक खराखुरा चेंडू हवा असं दोघांनाही वाटायला लागतं. मग दोन पर्याय उरतात. एक, आवडत्या खेळाडूची सही असलेला पांढराशुभ्र कोरा चेंडू. दुसरा, प्रत्यक्ष सामन्यात वापरलेला, मळलेला, अंगावर खरेपणाची खूण म्हणून होलोग्रामचा स्टिकर असलेला चेंडू. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण एकच घ्यायचा असेल तर? माझा कल एका बाजूला आहे, तो लपवत नाही. का आहे, ते मात्र जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी स्टिकरबद्दल, कारण बहुतेकांचा घोळ तिथे होतो. सहीचा चेंडू मेजर लीगच्या माणसासमोर सही झालेला असेल तर त्यावरही तोच होलोग्राम असतो आणि सामन्यातल्या चेंडूवरही तोच. दोन्हींवर नंबर असतो, तो लीगच्या वेबसाइटवर टाकला की नोंद उघडते. स्टिकर सोलायला गेलात तर फाटतो, म्हणजे एका चेंडूवरून काढून दुसऱ्यावर लावण्याची सोय नाही. ही पद्धत २००१ पासूनची. त्याआधी सह्यांच्या बाजारात अक्षरशः लूट चालली होती. सॅन डिएगोचा खेळाडू टोनी ग्विन याला स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या होत्या. एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाने छापे घातले तेव्हा जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल निघाले. कोलकात्यातल्या त्या माउलीने बेसबॉलवर सह्या कधी आणि कशाला केल्या असतील, एवढा साधा प्रश्नही गिऱ्हाइकांना पडला नव्हता! बाजारातल्या निम्म्याहून अधिक सह्या खोट्या असाव्यात असा अंदाज त्या काळात सांगितला जायचा.

म्हणून आता प्रत्येक सामन्याला लीगचा निदान एक ऑथेंटिकेटर, म्हणजे वस्तू खरी असल्याची नोंद करणारा माणूस, हजर असतो. ही माणसं पोलीस खात्यातली, काही नोकरीत असलेली, काही निवृत्त. डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या, आसपास बसतात. खेळातून बाद झालेला चेंडू बॉलबॉयकडून थेट त्यांच्या हातात येतो, तिथल्या तिथे स्टिकर लागतो आणि नोंद होते. मधल्या वाटेत चेंडू त्यांच्या नजरेआड झाला तर स्टिकर नाही, मग तो कितीही मोठ्या खेळाडूचा असो. नियम एवढा कडक आहे म्हणूनच मला तो आवडतो. जुन्या सह्यांबाबत तसं नसतं. तिथे पीएसए, जेएसए, बेकेट यांच्यासारख्या कंपन्यांचं पत्र मिळतं. ते पत्र म्हणजे सहीचं वळण तपासून दिलेलं जाणकारांचं मत. मत चांगलं असू शकतं, बहुतेकदा असतंही. पण सही होताना ते लोक समोर नव्हते.

आता दोन चेंडूंमधला खरा फरक. सहीच्या चेंडूबद्दल स्टिकर सांगतो की अमुक माणसाने यावर सही केली. तो माणूस टेबलाशी बसलेला असतो, समोर चेंडूंच्या पेट्या, एकामागून एक सह्या. त्यात वाईट काही नाही, पण तो चेंडू कधी फेकला गेलेला नसतो, बॅटला लागलेला नसतो. सामन्यातल्या चेंडूची नोंद उघडलीत की दिसतं: कुठली इनिंग, चेंडू टाकणारा पिचर कोण, समोर बॅटर कोण, पुढे काय झालं. अलीकडच्या वर्षांत पिचचा, म्हणजे पिचरने टाकलेल्या त्या एका चेंडूचा, प्रकार आणि वेगही असतो.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला यातली गंमत पटकन उमगत नाही. मलाही जरा वेळच लागला. आपल्या कसोटीत एक चेंडू ऐंशी षटकं चालतो. त्यामुळे 'हा तो चेंडू' म्हणताना आपण पूर्ण डावाचा चेंडू म्हणत असतो. बेसबॉलमध्ये एका चेंडूचं आयुष्य दोन-चार पिचचं. मातीत आपटला, बदला. ओरखडा दिसला, बदला. फाउल होऊन, म्हणजे रेषेबाहेर टोलला जाऊन, प्रेक्षकांत गेला, गेलाच. एका सामन्यात शंभराहून जास्त चेंडू लागतात. या उधळपट्टीमागे एक दुःखद कारणही आहे. १९२० च्या ऑगस्टमध्ये न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यावर बसला आणि दुसऱ्या दिवशी चॅपमन गेला. तेव्हा एकच मळका, काळवंडलेला चेंडू शेवटपर्यंत वापरायचे, तो संधिप्रकाशात बॅटरला नीट दिसायचा नाही. त्यानंतर मळका चेंडू बदलण्याबद्दल अम्पायर कडक झाले. त्या कडकपणामुळेच आज एखाद्या चेंडूवर बोट ठेवून 'हा त्याच पिचचा' असं म्हणता येतं.

आणि हो, चेंडूवरचा तो फिकट मातकट रंग मैदानातल्या मातीचा आहे असं समजू नका. नवा चेंडू गुळगुळीत असतो, पिचरला पकड मिळत नाही, म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला एक खास चिखल चोळतात. तो येतो आमच्या न्यू जर्सीतून, डेलावेअर नदीच्या एका उपनदीच्या काठावरून. नेमकी जागा गुप्त ठेवलेली आहे. लेना ब्लॅकबर्न नावाच्या फिलाडेल्फियाच्या कोचने १९३८ च्या सुमाराला तो चिखल वापरात आणला आणि आजही त्याच्याच नावाने विकला जातो. चेंडू शिवला जातो कोस्टा रिकात आणि त्याला चिखल लागतो जर्सीचा. इथे राहणाऱ्याला याचा उगीचच अभिमान वाटतो.

असो. मुद्द्यावर येतो. माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला ती किमतीची नव्हे, खरेखोटेपणाचीही नव्हे. ती फार क्षुल्लक आहे आणि काहींना हास्यास्पद वाटेल. सहीच्या चेंडूला हात लावता येत नाही.

घेताना हे माहीत असतं, पण त्याचा जाच घरात आल्यावर कळतो. निळ्या बॉलपेनची सही टिकते असं जाणकार सांगतात आणि ते बरोबरही आहे, पण तीही उजेडात हळूहळू फिकी होते. मार्करची सही तर चामड्यात पसरते. हाताचा घाम आणि तेल लागलं की चामडं पिवळं पडतं. म्हणून अतिनील किरण अडवणारा पारदर्शक डबा आणायचा, तो खिडकीपासून लांब ठेवायचा, चेंडू उचलायचाच झाला तर टाक्यांच्या कडेला दोन बोटांनी उचलायचा. आमच्या दिवाणखान्याला पश्चिमेचं ऊन येतं. त्यामुळे डबा हळूहळू मागे सरकत शेवटी बंद कपाटात गेला. बघण्यासाठी घेतलेली वस्तू, आणि ती टिकावी म्हणून अंधारात! कपाट उघडून ती दाखवताना मला लॉकरमधला दागिना दाखवल्यासारखं वाटतं.

त्यात गणपतीचे दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं, मुलं सगळीकडे. कुणीतरी विचारतं, "काका, बघू का?" मी म्हणतो, "बघ, पण हात लावू नकोस हं." चेंडू समोर असताना आठ-दहा वर्षांच्या मुलाला हात लावू नकोस म्हणणं मला दर वेळी जड जातं. चेंडूचं आकर्षण हातातच आहे. तो पकडून बघायचा असतो, फिरवून बघायचा असतो. मुलाचा चेहरा उतरतो, मी अवघडतो, आणि त्याची आई त्याला मागे ओढते. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि तिथेच माझं मन फिरलं.

टेबलावरचा दुसरा चेंडू न्यू यॉर्कच्या सिटी फील्ड या मैदानावर आठवड्याच्या मधल्या वारी झालेल्या एका सामन्यातला आहे. त्यात दोन्ही बाजूंचं कुणी फार मोठं नाही. वळत खाली येणारा कर्व्हबॉल कॅचरच्या पुढे मातीत आपटला, बॅटरने सोडला, अम्पायरने चेंडू बदलला. एवढीच त्याची कहाणी. एका बाजूला आपटल्याचा खरखरीत डाग आहे. पण त्या सामन्याची ती पिच 'बेसबॉल सॅव्हंट' या साइटवर व्हिडिओत बघता येते, आणि ती बघताना तोच चेंडू आपल्या मुठीत असतो. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याच्या हातात मी तो बिनधास्त दिला. तो लेगस्पिन टाकतो. त्याने पहिल्यांदा शिवण चाचपली, मग म्हणाला, "मामा, यावर तर सगळीकडे शिवणच शिवण आहे, कुठेही धरा." मग आम्ही टू-सीम, फोर-सीम अशा पकडी करून बघत बसलो. चेंडू आणखी थोडा मळला असेल. मळू दे.

आता दुसऱ्या बाजूला न्याय द्यायला हवा. भेट द्यायची असेल, आणि ज्याला द्यायची तो एखाद्या खेळाडूचा भक्त असेल, तर सहीच घ्या. ओतानीसारख्या ताऱ्याचं नाव चेंडूवर दिसलं की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मळक्या चेंडूची मात्र दर वेळी गोष्ट सांगावी लागते, आणि ऐकणारा बेसबॉल बघत नसेल तर तो नम्रपणे मान डोलावतो आणि चहाचा कप उचलतो. पुढेमागे विकायचा विचार असेल तरी मोठ्या खेळाडूच्या सहीला गिऱ्हाईक पटकन मिळतं. मातीत आपटलेल्या कर्व्हबॉलला कोण घेणार? किमतीचंही तसंच. ओतानीची सही सहसा हजार डॉलरच्या पुढे असते. अनोळखी खेळाडूंचा सामन्यातला चेंडू पन्नासेक डॉलरमध्येही मिळून जातो. पण मोठ्या नावाचा किंवा मोठ्या क्षणाचा असेल तर त्याचाही भाव चढतो.

सामन्यातला चेंडू घेताना काही गोष्टी बघाव्यात. नोंदीतले शब्द नीट वाचा. 'गेम-यूज्ड', म्हणजे सामन्यात वापरलेला, आणि बॅटिंग प्रॅक्टिसमधला चेंडू, दोन्हींवर होलोग्राम असू शकतो, आणि घाईत वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. नंबर तुम्ही स्वतः, पैसे देण्याआधी, लीगच्या साइटवर टाका. विक्रेत्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. स्टिकर कडेने उचललेला किंवा फाटका दिसला तर मी तरी सोडून देतो, कारण काहीही असो. आणि हे जरा सौंदर्यदृष्टीचं: स्टिकर कुठे लावलाय तेही बघा. कधीकधी तो नेमक्या त्या डागाच्या शेजारी असा बसतो की चेंडू कसाही ठेवला तरी आधी स्टिकरच दिसतो.

होमरनचा चेंडू हवा असं बरेच जण म्हणतात. तो प्रेक्षकांत जातो, नजरेआड होतो, म्हणून सहसा त्यावर स्टिकर नसतो. मोठा विक्रम जवळ आला की मात्र लीग त्या बॅटरसाठी गुप्त खुणा केलेले चेंडू वापरते. त्या पातळीचे चेंडू आपल्या खिशाच्या पलीकडचे असतात. ॲरन जजचा २०२२ मधला ६२ वा होमरन टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला झाला आणि तो चेंडू पुढे लिलावात १५ लाख डॉलरला गेला. स्वतः स्टँडमध्ये झेललेला फाउल बॉल हा आणखी वेगळाच प्रकार. त्याला प्रमाणपत्र नाही, बाजारात किंमत नाही, आणि झेललात तर तो कुणाला विकूही नका. त्या दिवशीचं तिकीट तेवढं जपून ठेवा.

सामन्यात वापरलेल्या चेंडूवरच सही, असा दोन्हींचा संगमही मिळतो. ऐकायला छान वाटतं. पण चिखलाच्या पिवळट थरावर शाई तेवढी उठून दिसत नाही, किंमत दोन्हींची बेरीज करून लावतात, आणि हात न लावण्याचा नियम परत येतो. म्हणजे माझ्या दृष्टीने सगळा खेळ बिघडला. ज्यांचं घर कमी उन्हाचं आणि कमी मुलांचं आहे, त्यांनी विचार करायला हरकत नाही.

अजून ठरत नसेल तर एक करा. सामन्याला जाल तेव्हा मधल्या एखाद्या इनिंगमध्ये उठा आणि संघाच्या ऑथेंटिक्सच्या, म्हणजे अशा प्रमाणित वस्तूंच्या, काउंटरवर जा. बऱ्याच मैदानांवर असा काउंटर असतो, काही ठिकाणी त्याच दिवसाच्या सामन्यातले चेंडूही तिथे विकायला येतात. सहीचे चेंडू सहसा काचेच्या आत असतात. सामन्यातला एखादा हातात घेऊन बघू देता का, ते विचारा.