हातानं केलेली कोल्हापुरी, नऊ महिने वापरून

दिवाळीनंतर कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा घेतली, आता ऑगस्ट चाललाय, म्हणजे नऊ महिने झाले. मी काही चपलांचा शौकीन वगैरे नाही, पुण्यात आयटीत नोकरी, पायात कायम फ्लोटर. त्याआधी एकदा इथेच एका दुकानातून साडेचारशेला "ओरिजिनल कोल्हापुरी" घेतली होती, ती पहिल्याच वळवात भिजली आणि तळ उकलला तर आत चक्क पुठ्ठा! तेव्हाच ठरवलं, परत घेतली तर करणाऱ्याकडूनच.

चप्पल लाईनला एक चक्कर मारली, भाव विचारले, पण शेवटी मित्राच्या ओळखीनं सुभाषनगरात एका कारागिराच्या घरीच गेलो. मामांनी कागदावर पाय ठेवायला लावला, भोवतीनं पेन्सिल फिरवली, अंगठ्याचं माप वेगळं घेतलं. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा रुंद आहे हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं, आजवर सगळ्या बुटांना उगाच शिव्या घालत होतो. तिथं दोनेक तास बसलो. तळाला म्हशीचं जाड कातडं, पट्ट्यावरच्या वेणीला बकऱ्याचं मऊ. कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं, त्यामुळं तो वास, जो पहिले दोन महिने आमच्या शू-रॅकमधून येत होता आणि बायको नाक मुरडत होती. मामा रापीनं तळ कापणार, आरीनं भोकं पाडणार आणि कातड्याच्याच वादीनं शिवणार, खिळा एकही नाही. वेणी मामी घालत होत्या, नजर टीव्हीवर, बोटं आपली चालूच. दहा दिवसांनी कुरियरनं आली, २२०० रुपये. महाग वाटली होती, पण ते काम बघून आल्यावर घासाघीस करायला तोंड उघडलं नाही.

आता खरी गोष्ट. चावते. मामा म्हणालेच होते, "पंधरा दिस चावणार बघा, चावली म्हणून टाकून देऊ नगासा, तेल पाजा." पंधरा नाही, जवळजवळ तीन आठवडे चावली, अंगठ्याच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली बँडेडच्या पट्ट्या लावून फिरत होतो. त्यात मी शहाणपणा केला, रोज रात्री एरंडेल चोपडलं, तर घरभर फरशीवर तेलकट पावलं उमटली आणि पट्टा गरजेपेक्षा सैल पडला. हलका हात, आठवड्यातून एकदा, एवढं पुरतं. मग एक दिवस घालून खाली दूध आणायला गेलो आणि परत आल्यावर लक्षात आलं की आज काहीच टोचलं नाही. तेव्हापासून तळव्याचा ठसा तिच्यात असा बसलाय की बायकोनं गंमत म्हणून पाय घालून बघितला तर तिला लगेच टोचली.

ऑफिसात कुणीतरी रोज विचारतंच, "प्राडावाली का?" २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, मग बोंब झाल्यावर कबूल केलं, तेव्हापासून हे चालू आहे. आमच्या टीममधला एक कर्नाटकातल्या अथणीचा आहे, तो म्हणतो नाव तुमचं, चप्पल आमची. त्याचंही खोटं नाही, २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. मी वाद घालत नाही, त्याच्या घरून कर्दंट येतं, तिकडची सुक्यामेव्याची मिठाई.

तक्रारी पण आहेत. गुळगुळीत टाइल्सवर सटकते, मॉलमध्ये जपून. करकर वाजते, गावात भारी वाटतं, पण मीटिंगला उशिरा आत शिरताना सगळे वळून बघतात. घाम आला की सुरुवातीला तळव्याला पिवळट रंग लागायचा, तो बंद झाला. बाईकवर गियर टाकून टाकून डाव्या चपलेचा पट्टा काळा पडून घासलाय, रोज बाईक चालवणाऱ्यांनी विचार करावा. पाचव्या महिन्यात टाच झिजली म्हणून कोपऱ्यावरच्या एकाकडं रबर लावायला दिली, त्यानं बेधडक बारीक खिळे ठोकले आणि एक आतून वर आला. मामांना फोन केला तर आधी चार शब्द ऐकवले, मग म्हणाले पाठवून द्या. शिवून आली, पैसे घेतले नाहीत.

पावसाळ्यात अजिबात नाही. जूनमध्ये पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकली होती, गेल्या रविवारी काढली तर वर पांढरी बुरशी. कोरड्या फडक्यानं पुसली, सावलीत वाळवली, थोडं तेल लावलं, परत होती तशी. उन्हात ठेवू नका, कडक होते.

दसऱ्याला परत कोल्हापूरला जायचंय. बाबांच्या पायाचं माप लाइट बिलाच्या मागं काढून ठेवलंय, दोन्ही पायांचं.