डोंबिवलीचं घर की अंधेरीतली खोली?

नोकरी अंधेरीत आणि आईवडील डोंबिवलीत, हा पेच आमच्या बाजूला घरोघरी आहे.

घरी राहिलात तर फास्ट लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, पुढे रिक्षाची रांग. दारापासून दारापर्यंत दीड तास धरा, येताना तेवढाच. पण भाडं नाही, डबा तयार, आणि पगार बऱ्यापैकी शिल्लक पडतो. फुकट मात्र काही नसतं. रात्री साडेअकराला कुलूप उघडलं की आईच्या खोलीतला दिवा लागतोच.

खोली घ्यायची तर आधी डिपॉझिट, मग ब्रोकर, मग ११ महिन्यांचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ‘कशाला उगाच खर्च’ म्हणणाऱ्या मालकाची खोली कितीही हवेशीर असो, सोडून द्या. घरभाडे भत्त्यावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी निवडली असेल तर ती बेरीज विसरा. गॅस, वायफाय, भांडीवाल्या मावशी हे वेगळंच.

माझं मत: डिपॉझिट आणि वर सहा महिन्यांचा खर्च गाठीला लागेपर्यंत घर सोडू नये. तोवर घरात दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, बाबा ‘नको’ म्हणाले तरी. रात्रपाळी असेल तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवा. शेवटची लोकल चुकली की पहाटेपर्यंत फलाटावरचं बाकडं.