सुबाभूळ बियाणं, अर्धा किलो ('हायब्रीड'), चार वर्षं वापरून झाल्यावर

चाऱ्याला पाच स्टार, बियाण्याला दोन, आणि पाकिटावर जे 'हायब्रीड' छापलंय त्याला शून्य. सरासरी तुमची तुम्ही काढा.

2021 च्या पावसाळ्याआधी घेतलं होतं, बारा उस्मानाबादी शेळ्या होत्या तेव्हा. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण नंतर अजून तीन-चार दुकानं फिरलो तर सगळीकडे तेच पाकीट, फोटोपण तोच. उगवणीबद्दल तक्रार नाही. बी कडक असतं, तसंच टोकलं तर बसा वाट बघत, मी पाणी चांगलं कढत करून (उकळतं नाही हां) त्यात तीन-चार मिनिटं ठेवलं, मग रात्रभर साध्या पाण्यात, आणि दहा दिवसांत बांधावर हिरवी रेघ. वर्ष व्हायच्या आत पहिली कापणी, कापलं की परत फुटतं, पाल्यात प्रोटीन 20 टक्क्यांच्या वर, शेळ्या गव्हाणीत मेथीघास सोडून याच्यावर तुटून पडतात. फक्त नुसतं हेच घालू नका. मायमोसीन म्हणून एक विषारी घटक असतो, जास्त झाला की जनावराचे केस गळतात, आमच्या एका तरण्या शेळीचे गळले तर आई म्हणे नजर लागली. आता तिसरा हिस्साच घालतो, बाकी कडबा नि गवत.

आता ते हायब्रीड. दुसऱ्या वर्षी थंडीत सायला आली, म्हणजे कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारी बारीक कीड. मला वाटलं आठ-दहा झाडं जातील, बाकीची तग धरतील, शेवग्याला काही आलं की कसं एखादं झाड सुटतंच ना. इथे एकपण सुटलं नाही, पूर्ण रांगेचे शेंडे एकाच आठवड्यात चिकट आणि आखडलेले. मग रात्री मोबाईल घेऊन शोधत बसलो तर हे झाड स्वतःच्याच फुलाच्या परागावर बी धरतं, म्हणजे पोरं बहुतेक आईची झेरॉक्सच. त्यात मुळात आलेलं बीच थोडं. घर याचं मेक्सिकोकडे, तिथे याला 'ग्वाहे' म्हणतात, ओआहाका हे नाव त्यावरूनच पडलंय. स्पॅनिश जहाजं आकापुल्कोहून मनिलाला जायची, 1565 पासून, त्यांच्याबरोबर झुडपी प्रकार फिलिपिन्सला गेला आणि तिथून सगळ्या उष्ण देशांत पांगला. हा जगात कुठूनही उचलून तपासा, जनुकांतला फरक अगदी नावाला. उंच वाढणारा प्रकार वेगळा, तो हवाई विद्यापीठाच्या ब्रूबेकर या शास्त्रज्ञांनी निवडला, के-8 वगैरे, आणि सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ या शेती-जनावरांसाठी काम करणाऱ्या संस्थेने, तिचे संस्थापक मणिभाई देसाईंच्या काळात, आपल्याकडे रुजवला. तेपण मोजकेच वाण. त्यामुळे 1984 ला हवाईत दिसलेली ही कीड 1988 ला भारतात पोचली तेव्हा तिला अडवणारं वेगळं रक्त इथे नव्हतंच, माझ्या बांधावर तरी कुठून असणार!

खरं हायब्रीड असतं बरं का. 'पॅलिडा' म्हणून याच्याच भाऊबंदातली एक जात आहे, तिच्याशी संकर करून हवाईत कीड झेलणारे वाण काढले, ऑस्ट्रेलियात तर त्याच रक्ताचं 'रेडलँड्स' विकतातसुद्धा. दुकानात जाऊन विचारलं की दादा या पाकिटात आई कोण, बाप कोण? तर म्हणे गोणीत येतं, आम्ही फक्त पाकिटं भरतो.

एवढं सगळं एकसारखं असलेलं झाड लवकर संपेल असं वाटतं ना? उलट आहे. जोडीदार लागतच नाही, एक झाड कुठे रुजलं की त्याचं गाव वसलंच. शेंगा वर्षातून कितीतरी वेळा, एकेका शेंगेत पंधरा-वीस बिया, आणि बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. माझ्या खालच्या ओढ्यात आता दोन्ही काठांना हेच. लेंडीखत टाकलं त्या कांद्याच्या वाफ्यातपण उगवलं. शेजारचे तात्या मुद्दाम ऐकवतात, 'तुझ्या कुबाभळी माझ्या बांधाला आल्यात', आणि त्यांचं चुकत नाही, आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या सगळ्यात वाईट 100 परक्या घुसखोरांच्या यादीत हे झाड आहे, पाकिटावर यातलं अक्षर नाही. पाकिटावर काय आहे, तर हसणारी शेळी.

ज्यांनी लावलंय त्यांनी फुलावर यायच्या आत कापत राहा, शेंग धरूच देऊ नका, आणि शेजारी शेवगा, हादगा, दशरथ घास असं काहीतरी दुसरं ठेवा म्हणजे सायला आली तरी शेळ्या उपाशी राहणार नाहीत. उपटायचं असेल तर लहानपणीच उपटा, नंतर मूळ खोल जातं, मी एका बुंध्यापायी अख्खा रविवार घालवलाय.

परत घेणार का? नाही. लागलंच तर ओढ्यात फुकट आहे, सेम टू सेम.