बालविकासाचा प्रयोगसंच: सामान चांगलं, पुस्तिका अर्धवट

मुलांचा विचार टप्प्याटप्प्याने कसा वाढतो हे मांडणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे अकरावी-बारावीत म्हणजे फळ्यावर चार अवस्था, पुढे वयं, आणि परीक्षेपुरती घोकंपट्टी. मानसशास्त्राच्या वर्गासाठी मिळणारा हा संच त्या मानाने खूपच बरा आहे. यात काचेची तीन भांडी, बारा चकत्या, मातीचे दोन गोळे आणि लंबकाचं सामान येतं.

पाण्याचा प्रयोग नीट जमवलाय. दोन सारखे ग्लास ७ सेंमी व्यासाचे, नळी ४ सेंमीची. २०० मिली पाणी ग्लासात जेमतेम ५ सेंमी चढतं आणि नळीत जवळजवळ १६. दोन्ही ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं, एकातलं नळीत ओतायचं आणि ‘जास्त कुठे?’ विचारायचं. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा नळीकडेच बोट दाखवतं. (घरी करायचं असेल तर स्टीलचं फुलपात्र उपयोगाचं नाही, पातळी बाहेरून दिसली पाहिजे.) ओतल्यावर ग्लास पूर्ण निथळू द्या. तळाशी घोटभर राहिलं तर मूल ‘थोडं त्यातच राहिलं ना’ म्हणतं, आणि ते खरंच असतं. पुस्तिकेच्या तक्त्यात मात्र हे उत्तर ‘चूक’ म्हणून भरायचं!

खरी तक्रार पुस्तिकेचीच. पियाजेचं कुतूहल मुळात पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना मुलांच्या चुकीच्या उत्तरांवरून जागं झालं. इथे ‘तुला असं का वाटतं?’ हा प्रश्नच नाही, नुसती बरोबर-चूकची खूण. चकत्यांच्या प्रयोगात सहा-सहाच्या दोन रांगा लावायच्या, ‘सारख्या आहेत का?’ विचारायचं, एक रांग पसरवायची आणि पुन्हा तेच विचारायचं. मोठ्या माणसाने तोच प्रश्न परत विचारला की आपलं पहिलं उत्तर चुकलं असं समजून मूल ते बदलू शकतं. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी रांग माणसाऐवजी खेळण्यातल्या ‘खोडकर’ अस्वलाकरवी विस्कटवली, तेव्हा चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं बरोबर बोलली. या प्रयोगाची एक ओळही पुस्तिकेत नाही. अस्वल घरातलं कुठलंही चालेल. दोन्ही पद्धती वेगवेगळ्या मुलांवर करून विद्यार्थ्यांना तुलना करू द्या. सिद्धांतावर वाद कसा घालतात ते त्यांना तिथे कळतं.

मातीच्या प्रयोगाबद्दल (दोन सारख्या गोळ्यांपैकी एक लांबवून ‘माती तेवढीच आहे का?’ विचारायचं) फार सांगण्यासारखं नाही. उघडी राहिली की वाळते, चिरा पडतात. त्याऐवजी कणीक मळून घ्या.

लंबक हा संचातला सर्वांत मोलाचा भाग, कारण इथे प्रयोग विद्यार्थ्यांवरच होतो. कशामुळे झोके लवकर किंवा उशिरा होतात: दोरी, वजन की धक्का? पियाजेच्या मते साधारण अकरा-बारा वर्षांनंतर एक गोष्ट बदलून बाकीच्या कायम ठेवायचं सुचू लागतं. सोळा वर्षांची बरीच मुलं दोरी आणि वजन एकदमच बदलतात. ते बघून ‘वय झालं की अवस्था आपोआप येते’ हा समज वर्गातच गळून पडतो. ३० सेंमीच्या दोरीला दहा झोक्यांना ११ सेकंद लागतात, ६० सेंमीला साडेपंधरा. पण संचातलं जड वजन लांबट आहे. त्याचा मध्य ३ सेंमी खाली येतो आणि दहा झोक्यांना अर्धा सेकंद जास्त लागतो. मुलं लगेच ‘वजनाने फरक पडतो’ लिहून मोकळी होतात. म्हणून माप गाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंत घ्या आणि दोरी तेवढी आखडा.

मदत मिळाल्यावर मूल काय करू शकतं यावर भर देणाऱ्या व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाला पुस्तिकेत एकच परिच्छेद आहे, त्यातही मदत देऊन पुन्हा करून बघायचा प्रयोग नाही. पालकांच्या संमतीचा नमुनाही नाही. बालवाडीत जाण्याआधी तो स्वतः तयार करून सह्या घ्या. आठ विद्यार्थ्यांमागे एक संच पुरतो.