दुकानातला आजारी मासा: विकत घ्यावा की तिथेच सोडावा?

प्लास्टिकच्या कपात, गढूळ पाण्यात, पंख मिटून तळाशी पडलेला फायटर (बेटा) मासा दिसला की त्याला घरी न्यावंसं वाटतं. ती इच्छा चांगलीच आहे. पण पैसे देण्याआधी थोडं थांबा.

विकत घेतलात, तर त्या एका जिवाचं भलं होऊ शकतं, आणि ही गोष्ट लहान नाही. फायटरला कल्ल्यांशिवाय बाहेरची हवा घेण्याचंही इंद्रिय असतं, म्हणून तो इतक्याशा पाण्यात तग धरतो. पण पाणी बदललं नाही, तर त्याच्याच शरीरातून सुटणारा अमोनिया कल्ले आणि पंख जाळत राहतो. २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात असे बरेच मासे सावरतात, झडलेले पंख पुन्हा फुटतात. खवले उभे राहून पोट फुगलेलं असेल, तर मात्र आशा फार थोडी.

यासाठी टँक आधीच तयार हवा. नव्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधी मासा सोडला, तर रोज पाणी तपासून बदलावं लागेल, नाहीतर कपातला त्रास घरीही चालू राहील. घरी आधीचे मासे असतील, तर नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. त्यांना धोक्यात घालून केलेली सुटका मला पटत नाही. हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका, माशांचा क्षय माणसाच्या त्वचेलाही होतो.

न घेतलात, तर तो मासा बहुधा मरेल. हे कडू आहे. पण दुकानदाराच्या वहीत तुमच्या दयेची नोंद होत नाही, विक्रीची होते. कप रिकामा झाला की त्यात दुसरा मासा येतो. सवलतीत घेतलात तरी तेच, कारण मेलेल्या माशाचा तोटा तुम्ही भरून दिलेला असतो. अर्थात गप्प निघून जाण्यानेही काही बदलत नाही. मालकाशी बोला, पाणी बदलायला सांगा, फरक पडला नाही तर फोटोंसह प्राणी कल्याण संस्थेकडे तक्रार करा.

माझं मत: एरवी नीट चालणाऱ्या दुकानात एखादाच मासा आजारी असेल आणि तुमचा टँक तयार असेल, तर खुशाल घ्या. रांगेने कप तसेच असतील, तर एक पैसाही देऊ नका. मासा फुकट मागून पाहा. मरायला टेकलेला मासा काही दुकानदार देऊनही टाकतात. दुकानदार नकार देत असेल, तर छंद सोडणाऱ्या एखाद्याकडचे मासे घ्या. त्यांनाही घर हवंच असतं, आणि त्यांच्या जागी नवे मासे मागवले जात नाहीत.