अँटिऑक्सिडंटच्या नावाखाली आमचे 21,500 रुपये गेले, कृपया शेवटपर्यंत वाचा

आमच्या भिशीतल्या एका वहिनींनी गेल्या श्रावणात घरी ‘फ्री बॉडी चेकअप’ ठेवलं होतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मीच हट्टाने घेऊन गेले. ते आपणहून कधी गेले नसते. अण्णांनी इचलकरंजीत बत्तीस वर्षं यंत्रमाग चालवला. दिवसभर कापसाची धूळ आणि वर बीडीचं एक बंडल. त्यांचा सकाळचा खोकला ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो, त्यामुळे फुप्फुसासाठी काही चांगलं मिळतंय म्हटल्यावर मी पुढचा-मागचा विचार केला नाही.

तिथे टाय लावलेला एक तरुण होता, सगळे त्याला ‘सर’ म्हणत होते. त्याने अण्णांच्या मुठीत वायर जोडलेली धातूची कांडी दिली आणि मिनिटभरात लॅपटॉपवर फुप्फुस, यकृत, सांधे सगळ्याचा रिपोर्ट काढून दाखवला. रक्ताचा थेंबही घेतला नव्हता. फुप्फुसासमोर लाल पट्टी. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्याने बेटाडीनचे थेंब टाकले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. “काका, हे तुमचं रक्त. फ्री रॅडिकल्सनी असं झालंय.” फ्री रॅडिकल्स म्हणजे शरीरात तयार होणारे, पेशींना इजा करू शकणारे रेणू, आणि त्यांना निष्प्रभ करतं ते अँटिऑक्सिडंट. मग त्या पाण्यात डब्यातली चमचाभर पांढरी ‘अँटिऑक्सिडंट’ पावडर घालून ढवळलं, तर बघता बघता पाणी स्वच्छ! खोलीत आम्ही पंधरा-वीस जण होतो, कुणी चकार शब्द काढला नाही. अण्णांनी हळूच विचारलं, “आणि बीडी सुटली नाही तर?”

“असू दे की काका. हे आतून धुऊन काढतंय.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. कारण अण्णांनी त्या वर्षी मोठ्या कष्टाने बीड्या दिवसाला चारवर आणल्या होत्या.

पावडरचे डबे आणि कॅप्सूलच्या बाटल्या मिळून सहा महिन्यांचं पॅकेज 21,500 रुपयांचं. शिवाय तुमचा ‘आयडी’ निघणार आणि खाली दोन माणसं जोडली की पैसे सुटणार. मी आईच्या पोस्टातल्या आरडीचे पैसे यूपीआयने भरले, तेही त्याच्या स्वतःच्या खात्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, ॲपवर येईल. ते कधीच आलं नाही.

दिवाळीपर्यंत अण्णा पुन्हा अर्ध्या बंडलावर गेले होते. खोकला वाढला म्हणून फोन केला तर उत्तर मिळालं, “विषारी द्रव्यं बाहेर पडतायत ताई, एकाच्या दोन कॅप्सूल करा.” आम्ही तेही केलं.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. जाताना बाटली सोबत नेली, ते बरं झालं. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, “बीडी ओढता का?” एका कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटीन (गाजर-पालेभाज्यांत असणारं एक अँटिऑक्सिडंट) 10 मिलिग्रॅम, म्हणजे अण्णांना दिवसाला 20. फिनलंडमध्ये 29 हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर नेमक्या याच डोसचा अभ्यास झाला होता. गाजर, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा, म्हणून गोळीनेही तो टळेल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तो उलटा: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतला तसाच दुसरा अभ्यास 1996 मध्ये मुदतीच्या 21 महिने आधी बंद करावा लागला, तिथे वाढ 28 टक्के होती. हे ऐकताना माझे हातपाय गार पडले. चार महिन्यांत तसं काही होत नाही, पण आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले.

सगळ्या गोळ्या वाईट असं त्यांनी अजिबात सांगितलं नाही. आईचं बी-12 तपासात कमी निघालं होतं, तिला त्याच डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. फ्री रॅडिकल्सही खरेच असतात, पण जंतू मारायला शरीर स्वतःच ते वापरतं, सगळेच पुसून टाकायची ती घाण नव्हे.

घरी आल्यावर बारावी सायन्सला असलेल्या पुतण्याने तोच प्रयोग ओट्यावर करून दाखवला. बेटाडीनचे चार थेंब, वर अर्धं लिंबू पिळलं. रंग गेला. सी व्हिटॅमिनमुळे आयोडीनचं आयोडाइड होतं आणि त्याला रंग नसतो, एवढंच. रक्ताचा त्याच्याशी काही संबंध नाही. अण्णा शेजारीच उभे होते. काही न बोलता बाहेर गेले.

तुमच्याकडे कुणी असा ग्लास घेऊन आलं तर आधी बाटली हातात घ्या. अशा सप्लिमेंटच्या लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. आमच्याही बाटलीवर बारीक इंग्रजीत ते होतं, मी वाचलंच नव्हतं. घरोघर थेट विक्री करणाऱ्याने आधी वेळ ठरवून आणि ओळखपत्र घेऊन यायचं, असे केंद्र सरकारचे 2021 चे नियम आहेत. माणसं जोडायच्या पिरॅमिड योजनेला त्यात मनाई आहे. आणि घरात कुणी बीडी-सिगारेट ओढत असेल किंवा पूर्वी ओढत असेल, तर बीटा कॅरोटीन हा शब्द शोधाच.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, त्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि न फोडलेल्या दोन बाटल्या जपून ठेवल्या आहेत. त्या वहिनींचे तर चाळीस हजार अडकलेत. आधी माझ्याशी बोलायला त्यांना तोंड नव्हतं, आता दोघी मिळून पाठपुरावा करतोय. पैसे अजून आलेले नाहीत. अण्णा परत चार बीड्यांवर आलेत, पुढच्या सोमवारी त्यांना बीडी सोडवण्याच्या समुपदेशनाला नेणार आहे.